धाकट्याचं मत

"सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही," बाताडे म्हणाला आणि त्यानं खुर्ची वीतभर पुढे ओढली, "पण त्या चढावर आमच्या जुन्या गाडीनं तीन दारांचं कपाट, लोखंडी तिजोरी आणि एका शिंप्याची सासू, असं सगळं एका खेपेत वर नेलं. सासू सोफ्यावरून उठायलाच तयार नव्हती. म्हणाली, सोफा माझा आहे, तो जाईल तिथे मी जाईन. मग काय, सोफ्यासकट चढवली मागे हौद्यात आणि आवळला दोर. चढ इतका उभा, की सासूबाईंचं तोंड सरळ आभाळाकडे. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी सुटली, की पुढच्या बसच्या ड्रायव्हरनं खाली उतरून मला सलाम ठोकला."

"चालत्या बसमधून उतरून?" प्लंबरनं विचारलं.

"चालत्या. म्हणून तर सलामाची किंमत!"

हशा पिकला. काचेच्या भिंतींच्या त्या शोरूममध्ये मधोमध नवी पिकअप उभी होती आणि तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीनं आपली जुनीच पिकअप नव्यानं नटवून आणली होती. नाक नवं, दिवे नवे, आत टीव्हीएवढा पडदा, मागे बसायला जास्तीची एक सीट, आणि इंजिन पेट्रोल किंवा डिझेल, हवं ते. विक्री सुरू होण्याआधी जुन्या गिऱ्हाइकांना ती पंधरा दिवस चालवायला द्यायची, एक आठवडा पेट्रोल, एक आठवडा डिझेल, आणि दर शनिवारी सकाळी त्यांना बोलावून मतं ऐकायची, अशी टूम निघाली होती.

बाताडे हे काही त्याचं आडनाव नव्हे. ते लोकांनी चिकटवलेलं. पण ते इतकं घट्ट बसलं होतं, की पोस्टमनसुद्धा पत्ता न वाचता त्याच नावानं हाक मारायचा. लोकांचं बिऱ्हाड एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवायचं, हा त्याचा जन्मभराचा धंदा. गावातल्या निम्म्या घरांची कपाटं मागच्या बाजूनं कशी दिसतात ते त्याला ठाऊक होतं. धंदा बंद झाल्यापासून मात्र त्याला कोणी काही विचारत नव्हतं. डॉक्टर विचारायचा, पण कुठे दुखतं एवढंच. त्याबद्दल तुमचं मत काय, असं काही तो विचारायचा नाही. म्हणून शोरूमचं पत्र आलं तेव्हा बाताड्यानं ते दोनदा वाचलं आणि शर्टाला इस्त्री केली.

"काका, तुम्ही आलात ते फार छान झालं," मॅनेजरबाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या. "फक्त एक अट आहे. मतं जोडीची हवीत. एक चालवणाऱ्याचं, एक शेजारी बसणाऱ्याचं. शेजारच्याला पटली नाही, तर गाडी घेतली जात नाही, असं कंपनीचं म्हणणं."

बाताड्यानं इकडे तिकडे पाहिलं. बेकरीवाल्याच्या शेजारी त्याची बायको होती. प्लंबरच्या शेजारी त्याचा मेहुणा होता, आतापासूनच पेंगत असलेला.

"तुमच्या शेजारी कोण बसतं, काका?"

कोणी नाही, एवढंच सांगायचं होतं. मग शर्टाची घडी न मोडता घरी जायचं होतं.

"धाकटा," बाताडे म्हणाला. "माझा भाऊ. जन्मभर शेजारी बसलाय, आता कुठे जातोय?"

"मग आहेत कुठे ते?"

"गाडी लावतोय."

बाताडे बसनं आला होता.

मॅनेजरबाईंनी फॉर्म पुढे केला. त्यानं दोघांची नावं लिहिली, खाली दोन फोन नंबर लिहिले आणि सही ठोकली. घरी परतताना, पेट्रोलवर चालणाऱ्या त्या नव्याकोऱ्या पिकअपमध्ये, पहिल्याच सिग्नलला त्याच्या लक्षात आलं. दुसरा नंबर त्यानं खरा लिहिला होता. तीस वर्षं, जुन्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर, प्रत्येक बिलावर, प्रत्येक खोक्यावर ते दोन नंबर एकाखाली एक जात आले होते. पहिला लिहिला की हात दुसऱ्यावर आपोआप उतरायचा. डोकं थापा मारत होतं आणि हातानं खरं सांगून टाकलं होतं.

आता हा धाकटा कोण, ते सांगायला हवं. तो होता. बसनं गेलं तर सहा थांबे पलीकडे, फोटोंना चौकटी करून द्यायच्या दुकानात, धडधाकट. दोघांनी मिळून तीस वर्षं सामान वाहिलं. मोठा चालवायचा, धाकटा डावीकडे बसायचा आणि डावी बाजू सांभाळायचा. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बास!" त्याच्या त्या 'बास'वर भरवसा ठेवून बाताड्यानं आरशात न पाहता अशा बोळांमधून गाडी मागे घेतली होती, जिथून म्हैस आडवी गेली तरी अडकेल. मग पहिली गाडी थकली. दुसरी घ्यायची होती. धाकट्याच्या मनात पेट्रोल होतं. आवाज नको, धूर नको, दोघांचे कान आता म्हातारे झालेत, असं त्याचं म्हणणं. तो बायकोच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात बसला होता, तेवढ्यात बाताड्यानं डिझेल गाडी आणून दारात उभी केली. दोघांच्या पैशांतून, एकट्याच्या मतानं.

धाकट्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "विचारायचं तरी होतंस," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाताड्याला वाटलं, येईल आठ दिवसांत. त्याला अकरा वर्षं झाली.

मध्ये एकदा भेट झाली होती, पण तिला भेट म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. दातांच्या दवाखान्यात दोघं समोरासमोर चाळीस मिनिटं बसले होते, दोघांच्याही गालाला हात. कोणी बोललं नाही. बोलता येत नाही याला दोघांकडे दाताचं चांगलं कारण होतं. मग आतून आडनावानं हाक आली आणि दोघंही एकदम उभे राहिले. धाकटा खाली बसला. बाताडे आत जाऊन नको तो दात उपटून घेऊन आला, आणि बाहेर आला तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.

पेट्रोलचा आठवडा मोठा मजेचा गेला, निदान बाताड्यानं पुढे तसं सांगितलं. खरं सांगायचं तर गाडी इतकी गुपचूप चालायची, की त्याला आपल्याच गुडघ्यांचा आवाज ऐकू यायचा. चावी नव्हती, बटण होतं. हँडब्रेक ओढायचा नव्हता, तिथेही बटण. जिथे हातानं काही करायचं असायचं, तिथे कंपनीनं एक एक बटण बसवून माणसाला रिकामं बसवलं होतं. आणि डावीकडे वळायला लागलं की पडद्यावर डावी बाजू दिसायची, कॅमेऱ्यातून, लख्ख, रंगीत.

"काय रे, मोकळं आहे का?" तो पहिल्या वळणाला सवयीनं बोलून गेला.

गाडी 'टिंग' म्हणाली. बाताड्याला ते उत्तर अपुरं वाटलं.

पण तिच्यात एक बाईसुद्धा होती. म्हणजे आवाज. "कृपया पट्टा लावा. दरवाजा उघडा आहे." गोड, शांत, जराही न वैतागणारा. बाताडे रोज संध्याकाळी गाडी घरासमोर लावायचा, डावीकडचं दार बोटभर उघडं ठेवायचा आणि आत बसून राहायचा.

"दरवाजा उघडा आहे."

"असू दे की. काय घाई आहे?"

"दरवाजा उघडा आहे."

"आमच्याकडे कोण येतंय शिरायला? बरं, जेवलीस का?"

समोरच्या इमारतीतली एक बाई गॅलरीत कपडे काढता काढता थांबून त्याच्याकडे बघायला लागली. मग त्यानं दार लावलं. आत घरात गेल्यावर काही टिंग वाजलं नाही.

पुढच्या शनिवारी इंजिनावर बोलायचं होतं. बेकरीवाला म्हणाला, पेट्रोल पळतं चांगलं, पण पितंही तसंच. प्लंबर म्हणाला, हौद्यात लोखंडी पाइप भरले की चढावर तिला धाप लागते. मेहुणा म्हणाला, "बरी आहे," आणि झोपला. मग बाताड्याची पाळी आली.

"माझं मत सरळ आहे. हे इंजिन नव्हे, हे शिलाई मशीन. सामान नेताना लोकांना कळायला नको का, की कोणी येतंय? आमची जुनी गाडी तीन गल्ल्या आधी ऐकू यायची. लोक चहा टाकायचे."

"आणि भावाचं मत?" मॅनेजरबाईंनी पेन उचललं. "आज तरी आलेत का?"

"गुडघे धरलेत त्याचे. पण मत पाठवलंय." बाताड्यानं घसा साफ केला आणि आवाज खाली आणला. धाकट्याचा आवाज असाच होता, खालचा, तुटक. "तो म्हणतो, पेट्रोलच घ्या. सामान हलवणारा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या काचा जपतो. त्याला गाडीत बसल्यावर तरी थरथर नको. आणि म्हणतो, आवाज कमी असला तर शेजारी बसलेला माणूस काय म्हणतोय ते ऐकू येतं."

मॅनेजरबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

"अगं बाई, किती बरोबर बोलले!" बेकरीवाल्याची बायको म्हणाली. "आमच्याकडे एवढं कोणाला सुचतंय? तुमच्या भावाला आणा हो एकदा."

"तुमच्यापेक्षा शहाणे दिसतात," प्लंबर म्हणाला.

"आहेच," बाताडे म्हणाला, आणि हे मात्र थाप म्हणून म्हणाला नाही.

बसायला खुर्ची होती, ऐकायला माणसं होती, आणि शेजारी धाकटा नसूनही होता. इतकी स्वस्त चैन त्याला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. फक्त मनात एक खुपत होतं. इथे त्यानं जी मतं भरभरून सांगितली, ती त्यानं कधी समोर बसून विचारलीच नव्हती. आपल्याला आता सुचतंय ते धाकट्याच्या मनात तेव्हा होतं, की आपण मागाहून घालतोय, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं.

दुसरा आठवडा डिझेलचा. त्या इंजिनात पूर्वीचा गडगडाट उरला नव्हता, पण घसा तोच होता. सुरू केली की पायाखाली काहीतरी जागं झाल्यासारखं वाटायचं. बाताडे दोन दिवस नुसताच फिरला. पूर्वी जिथे जिथे सामान उतरवलं होतं त्या घरांसमोरून हळूच जायचा. इथे पियानो, चौथा मजला. इथे माशांची काचेची टाकी, माशांसकट. इथे नवराबायकोनं सामान उतरवता उतरवता भांडून अर्धं परत चढवायला लावलं होतं. सगळ्या घरांना आता दुसरे पडदे होते.

तिसऱ्या दिवशी गाडी आपली आपण सहा थांबे पलीकडे गेली. त्याचं म्हणणं असंच होतं, की स्टेअरिंग फार हलकं केलंय कंपनीनं, जरा मन वळलं की गाडी वळते.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. बाहेर रिकाम्या चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, मोठीच्या आत लहान, लहानीच्या आत आणखी लहान. धाकटा दारात स्टुलावर बसून पॉलिश कागदानं एक पट्टी घासत होता. मानेवरचे केस पांढरे झाले होते. बाताड्यानं रस्त्याच्या पलीकडे गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं.

धाकट्यानं मान वर केली. इंजिनाचा आवाज ऐकून तो मान वर करणारच. तो गाडीकडे बघत राहिला. आधी चाकं, मग मागचे स्प्रिंगचे पाटे, मग हौदा, मग फाळका, ज्या क्रमानं दोघं पूर्वी कुठलीही गाडी बघायचे त्याच क्रमानं. शेवटी त्याची नजर काचेवर आली. या गाडीच्या काचा काळपट होत्या. बाहेरून आतलं दिसत नाही, उन्हाचा त्रास नाही, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. बाताड्यानं दाराच्या कडीवर हात ठेवला आणि जरासं ढकललं.

"दरवाजा उघडा आहे," बाई म्हणाली.

त्यानं दार ओढून घेतलं. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य काय असावं, याचा विचार त्यानं केला नव्हता. थापा त्याला चालता चालता सुचायच्या. खरं बोलायचं तर तयारी लागली असती. धाकट्यानं पट्टी झटकली, उजेडात धरून सरळ आहे का ते पाहिलं आणि तो आत गेला. बाताडे अजून दहा मिनिटं तिथे थांबला. मग मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून त्याची सोडवणूक केली.

शेवटच्या शनिवारी किमतीवर आणि सोयींवर बोलायचं होतं. बाताडे आला तेव्हा मॅनेजरबाई चष्मा शोधत होत्या.

"डोक्यावर," तो म्हणाला.

"अरे हो. काका, एक गंमत सांगते. आज सगळ्यांनी जोडीनं यावं म्हणून काल आम्ही फॉर्मवरच्या सगळ्या नंबरांवर फोन केले. तुमच्या भावालाही."

बाताड्याच्या हातातला कागदी कप चुरगळला. पाणी इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

"मग?"

"मी म्हटलं, तुमची मतं आम्हाला फार आवडली, उद्या अकरा वाजता प्रत्यक्ष या. मला वाटलं फोन कटला. मग त्यांनी विचारलं, कुठली मतं? मी वाचून दाखवली. ते शेजारच्या माणसाचं ऐकू येतं, तेसुद्धा."

"मग?"

"मग काही नाही. ठेवला फोन. गुडघे फार दुखतात का हो त्यांचे?"

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मॅनेजरबाईंनी बाताड्याच्या शेजारी एक खुर्ची ओढून ठेवली, पुसली, आणि त्या आपल्या जागी गेल्या. बाताडे त्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवून बसला. काचेच्या भिंतीतून बाहेरचं आवार दिसत होतं. तिथे त्यानं चालवून आणलेली डिझेल पिकअप उभी होती, कुलूप न लावता. पण बाताड्याची पाठ तिकडे होती, आणि वळून बघायचा त्याला धीर नव्हता.

बेकरीवाला म्हणाला, किंमत ऐकून बायकोला फीट यायची बाकी आहे. बायको म्हणाली, फीट मला नाही, त्यांनाच आली होती. प्लंबरला छतातली काचेची खिडकी पटली नव्हती. तेवढ्यासाठी एवढे जास्त का मोजायचे?

"बरोबर आहे," बाताडे म्हणाला. "आमच्या जुन्या गाडीलाही छताला भोक होतं. पाऊस थेट आत यायचा. त्याचे आम्ही एक पैसाही जास्त दिले नव्हते."

सगळे हसले, पण त्याला स्वतःला ते ऐकू आलं नाही.

"आणि भाऊ काय म्हणतात?" बेकरीवाल्याच्या बायकोनं विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं. "एवढे पैसे घालून घ्यावी का?"

आता सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं. की भाऊ या गाडीत बसलेला नाही. कुठल्याच गाडीत बसलेला नाही, अकरा वर्षांत. पण सगळे त्याच्याकडे बघत होते आणि शेजारची खुर्ची स्वच्छ पुसलेली होती. साडेअकरा झाले होते. येणारा माणूस एव्हाना आला असता. मग निदान जे ऐकायचं राहून गेलं ते एकदा स्वतःच्या तोंडून तरी ऐकून घ्यावं, असं त्याला वाटलं.

"काय झालं सांगू का," तो म्हणाला. आज त्यानं खुर्ची पुढे ओढली नाही. "परवा आम्ही दोघं डिझेल घेऊन त्या मोठ्या चढावर गेलो. धाकटा म्हणाला, मी आज मागच्या सीटवर बसतो, ती सोय बघायची राहिलीय. बसला. इतकी ऐसपैस सीट, की पाय पसरून लगेच घोरायला लागला. चढाच्या टोकाला मी गाडी उभी केली. खाली सगळं गाव दिसत होतं. तो उठला, डोळे चोळले, आणि म्हणाला..." बाताडे थांबला. आवाज आज आपोआपच खाली उतरला होता. "म्हणाला, डिझेल चांगलं आहे. तेव्हाही चांगलंच होतं. तू मला विचारलं नाहीस, ते माझ्या मनात आता काही नाही. कधीच गेलं ते."

मॅनेजरबाई लिहायच्या थांबल्या होत्या. मेहुणासुद्धा जागा होता, आणि तो बाताड्याच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होता.

"खोटं," मागून आवाज आला. खालचा, तुटक. "साफ खोटं. मनात आहे. अकरा वर्षं आहे, आणि असणार. आणि त्या मागच्या सीटवर माणूस झोपेल? आत्ता बाहेर बसून बघितलं मी, गुडघे हनुवटीला टेकतात! चारचौघांत काय वाट्टेल ते सांगत सुटतोस का रे, दादा?"